काकूंचा झाकलेला टीव्ही

टीव्हीला एवढा मान देणारी बाई अख्ख्या नालासोपाऱ्यात दुसरी नसेल, एक आमच्या तळमजल्याच्या काकूच. बातम्या सांगणारा आला की डोक्यावर पदर, सिरियलमध्ये लग्न लागलं की डब्यातले तांदूळ घेऊन काचेवर अक्षता, आणि तिथं कुणी गेलं तर त्या दिवशी यांच्या घरात गोडधोड बंद. मी एकदा संकष्टीचे मोदक घेऊन गेले तर म्हणाल्या, "ठेव झाकून, आज मोठ्या सुनेचा नवरा गेला." मी घाबरून कुणाची सून विचारलं तर टीव्हीकडे बोट.

मुलगा दुबईला, काकू एकट्या, म्हणून मी वालीवला कारखान्याच्या गाळ्यात पॅकिंगच्या कामाला जाताना माझी चिंगी त्यांच्याकडे ठेवायचे. अडीच वर्षांची पोर, भरवताना जाहिरात लागली की तोंड उघडायची, संपली की मिटायची, लाईट गेली की माझा घास हातातच. बोलायची तर काहीच नाही, नुसती साबणाच्या गाण्याची चाल गुणगुणायची. आणि एक दिवस मी लवकर आले, हाका मारल्या, बघेना, म्हणून टीव्हीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले तर तिनं रिमोट उचलला, माझ्या तोंडावर धरला आणि दाबला. परत दाबला. आई बदलत का नाही म्हणून रिमोटकडे बघायला लागली. काकू हसून म्हणाल्या, "अगं, सेल उतरलेत त्याचे," आणि मी चिंगीला तशीच उचलली.

डॉक्टरांकडे पळाले. ते म्हणाले, "हिच्याशी दिवसभर बोलतं कोण?" मी म्हटलं, टीव्ही. "आणि ही काही बोलली तर तो ऐकतो का?"

तेच मी काकूंना सांगितलं तर त्यांचं तोंड एवढंसं झालं. "अगं, मी अडाणी काय शिकवणार, तो एवढं चांगलं बोलतो, मला वाटलं पोर शिकेल." उठल्या आणि स्वतःची नवी साडी टीव्हीवर टाकली. चिंगीनं रडून बिल्डिंग डोक्यावर घेतली. मग काकूच सिरियल सांगायला लागल्या, सासू पण त्याच, सून पण त्याच, पंखा खडखडला तर वादळ. रात्री एकट्या असल्या तरी टीव्ही लावायच्या नाहीत, म्हणायच्या, "एकदा लावला की सकाळी बंद करायला माझा हात धजणार नाही."

असे किती दिवस गेले, चिंगी नुसती बघायची. मला झोप लागायची नाही.

एका संध्याकाळी दारात आले तर काकू वाल सोलत होत्या, सांगता सांगता थांबल्या. चिंगीनं त्यांची हनुवटी धरली, तोंड आपल्याकडे वळवलं आणि म्हणाली, "मग?"

मी चप्पल काढायची विसरले. टीव्ही झाकलेला, काकूंनी तरी पुढचं कुठं बघितलं होतं. मग हळूच म्हणाल्या, "मग ना बाळा, माझं लग्न झालं."