मी चार म्हणालो

त्यांच्याबद्दल लिहायचा मला फारसा अधिकार नाही. तीन वर्षं, दर पंधरवड्याला, मी त्यांच्यासमोर उघड्या पाठीनं पालथा पडलो. पण त्यांना मुलं किती, हे मला ते गेल्यावर कळलं. दोन मुली. माझी पाठ मात्र त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. मी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, लिहिण्याचा संबंध पावतीपुरता. पण लेक म्हणाली, बाबा, निदान तुम्हाला आठवतंय तेवढं तरी लिहा.

एका लहान दवाखान्याच्या मागच्या खोलीत ते मालिश करायचे. आधी मोठ्या इस्पितळात वॉर्डबॉय होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना कुशीवर वळवायचं काम. तिथं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांचा हात पाहिला आणि त्यांना हे काम शिकवलं. समोर सगळे त्यांना दादा म्हणत. कंपाउंडर मागून ‘अंगठेबहाद्दर’ म्हणायचा. त्यांना ते माहीत होतं. सही माझी त्याच्यापेक्षा बरी आहे, एवढंच एकदा म्हणाले.

खोलीत एक उंच टेबल, त्याच्या एका टोकाला तोंड ठेवायला भोक, खुंट्या, आणि कोपऱ्यात पसरट भांड्यात गरम पाणी. माझा उजवा खांदा इतका धरला होता की भांग पाडायला हात वर जाईना. पहिल्या दिवशी त्यांनी आपला नियम सांगितला. तुमचं तोंड खाली, मला चेहरा दिसत नाही, म्हणून मी विचारीन तेव्हा आकडा सांगायचा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे ओरडाल. सहाच्या पुढे मी जात नाही.

त्यांनी खांद्याच्या फऱ्याखाली अंगठा रोवला. माझ्या हिशेबानं ते नऊ होतं.

“किती?” त्यांनी विचारलं.

“चार,” मी म्हणालो.

मग अजून थोडं चालेल, असं म्हणून त्यांनी कोपर लावलं. पुन्हा विचारलं; मी पुन्हा चार म्हणालो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथं तोंड माझं मीच दाबलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात शर्टाच्या बाहीत जाईना. लेकीनं बटणं लावून दिली. हे उपचार आहेत की कुणी सूड उगवलाय, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, ठीक आहे, होतं असं. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात तिनं दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून टाकला. तिचं तसंच आहे, आधी फोन आणि मग चौकशी.

दुपारी दादा आमच्या दारात. तक्रारीचं त्यांना अजून कळलंही नव्हतं. नव्या माणसाकडे दुसऱ्या दिवशी जायचं किंवा फोन करायचा, ही त्यांची पद्धत होती. पहिल्या दिवशी सगळेच खूश असतात, खरं काय ते दुसऱ्या दिवशी कळतं, असं ते म्हणत. लेकीनं त्यांना दारातच धरलं. माझे बाबा म्हणजे काय गोधडी आहे का, धोपटायला? त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चपला काढून आत आले.

माझ्या बोटांना मुंग्या येतात का, मूठ घट्ट वळते का, ते त्यांनी पाहिलं. शर्ट वर करून काळंनिळं झालंय का, तेही पाहिलं. लेकीनं कुठंतरी वाचलं होतं की मालिश केल्यावर अंगातलं विष बाहेर पडतं आणि म्हणून दुखतं. तिनं विचारलं, हे ते विष का?

“विष कसलं ताई,” ते म्हणाले. “वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेला स्नायू जोरात दाबला, तो दुखावला. नवा व्यायाम केल्यावर दुखतं ना, तसंच. दोन-तीन दिवसांत उतरेल.”

मग सांगितलं ते असं. कोमट पाण्यानं आंघोळ. दिवसभर पडून राहायचं नाही. भिंतीवर बोटं टेकवून हात हळूहळू वर चढवायचा, दुखेल तिथं थांबायचं. कुणाकडूनही पुन्हा चोळून घ्यायचं नाही, स्वतः त्यांच्याकडूनसुद्धा नाही. हात बधिर झाला, सूज आली किंवा चौथ्या दिवशीही दुखणं वाढतच राहिलं, तर सरळ डॉक्टर.

निघताना त्यांनी विचारलं, काल किती म्हणाला होतात? चार, मी म्हणालो. चाराला एवढं होत नाही, ते म्हणाले. लेक समोर उभी होती. मी त्यांना चहा घेणार का, विचारलं.

तिसऱ्या दिवशी दुखणं निम्म्यावर आलं आणि डॉक्टरीणबाईंचं बोलावणं आलं. बाकावर बसलो असताना कंपाउंडर कानाशी लागला. गेल्या महिन्यातही एक तक्रार आली होती, आणि अजून एक आली तर खोली सोडा, असं बाईंनी दादांना सांगून ठेवलं होतं. लेकीचं तोंड उतरलं.

आत दादा भिंतीला टेकून उभे होते. बाईंनी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, अंदाज चुकला माझा. आकड्याचा विषयच काढला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी होत होती, आणि चोर खुर्चीत बसला होता.

“नऊ होतं,” मी म्हणालो.

“काय नऊ?” बाईंनी विचारलं.

“दुखणं. त्यांनी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा चार सांगितलं.”

“का पण?”

मला नीट सांगता येईना. ते एवढ्या मेहनतीनं करत होते, दुखतंय म्हणणं बरं दिसलं नसतं, असं काहीतरी पुटपुटलो. लेकीनं कपाळावर हात मारला. म्हणाली, “बाई, यांना भाजी आवडली नाही तर हे ती दोनदा मागून घेतात.” बाईंना हसू आलं. दादांना आलं नाही. बाईंनी फोनवर लिहून घेतलेला तक्रारीचा कागद लेकीकडे सरकवला आणि तिनं तो फाडला. खोली राहिली.

बाहेर आल्यावर दादांनी आभार वगैरे मानले नाहीत. रागावलेच होते. म्हणाले, तुम्ही चार म्हणालात म्हणून मी कोपर लावलं. पण तुमच्या पायाची बोटं आखडली होती, ती मला दिसायला हवी होती. पुढच्या आठवड्यात या. खरं सांगणार असाल तर.

गेलो. दोन महिन्यांत भांग पाडता येऊ लागला. पुढेही जात राहिलो. ते आकडा विचारत आणि माझ्या पायाकडे बघत. कोपऱ्यातलं गरम पाणी टॉवेल भिजवायला असावं, असा माझा समज होता. प्रत्येक माणसानंतर ते त्यात स्वतःचे अंगठे बुडवून बसत, हे परवा त्यांच्या थोरल्या मुलीनं सांगितलं. सांधे कधीचे गेले होते म्हणे. तीन वर्षांत मी त्यांना कधी आकडा विचारला नाही.

शेवटचा गेलो तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. मी शर्ट घालत होतो, ते भांड्यात पाणी ओतत होते.

“शेवटी किती होतं?” त्यांनी विचारलं.

“तीन.”

त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. “बरं. जाताना दार ओढून घ्या, वारं येतं.”

“घेतो,” मी म्हणालो.