डोमानं मुडदा फाडला नाही

मुडदा फाडायचा डोमानं आणि सही करायची डॉक्टरनं, अशी त्या दवाखान्याची रीत होती. कायद्यात सुरी डॉक्टरच्या हातात असेल. चौपन्न सालच्या चांदा जिल्ह्यात, आलापल्लीच्याही पलीकडच्या रानात, ती झाडूवाल्याच्या हातात होती. डॉक्टर नाकाला रुमाल लावून दाराशी उभा राही आणि दिसेल ते लिहून घेई. डोमाच्या हातचं पाणी गावात कोणी पीत नव्हतं, विहिरीवर त्याची सावली चालत नव्हती. पण कोणी झाडाखाली मेला, वाघानं नेला, गळफास घेतला, की सरकारचा सगळा कायदा त्याच हातापाशी येऊन अडायचा. मग जमादार स्वतः मोहाच्या दारूची बाटली घेऊन त्याच्या झोपडीत यायचा आणि डोमाभाऊ, डोमाभाऊ करायचा.

एरवी डोमा व्हरांडा झाडायचा, पट्ट्या धुवायचा, हिवतापाच्या रोग्यांना शिव्या देत रांगेत बसवायचा. वीस कोसांत तो एकच दवाखाना. नर्सबाईची जागा मंजूर, बाई नाही. कंपाऊंडर सहा महिन्यांपूर्वी चांद्याला गेला तो गेलाच. उरला डॉक्टर खानझोडे, नागपूरचा, तिशीतला, स्वतःला हिवताप भरला तरी घोंगडं पांघरून रोगी तपासणारा. आणि डोमा.

मागल्या शिमग्यात एक बाई त्या व्हरांड्यात तीन तास कण्हत पडली होती. आत गळफासवाल्याचं काम चाललेलं, ते संपल्याशिवाय डॉक्टरला हलता येईना. सही झाली तेव्हा बाई संपली होती. तिला उचलायलाही डोमाच.  घरी बायकोला, रंभेला, एवढंच म्हणाला, की मेलेल्याची घाई सरकारले, जित्याची कोणालेच नाई.

वैशाखात लालसू माडिया आपल्या बायकोला, बुधरीला, घेऊन आला. बाजेला बांबू बांधून, चौघांच्या खांद्यावर, दोन दिवस चालत. बुधरीचं पोर आडवं आलं होतं, एक हात बाहेर. डॉक्टरनं पाहिलं, पाणी उकळायला सांगितलं आणि बाह्या वर सारल्या. तेवढ्यात फाटकात बैलबंडी थांबली.

बंडीत ताडपत्रीखाली ठेकेदाराचा मुनीम होता, सागाच्या ओंडक्याखाली चिरडलेला. त्याला सरकारी हुकमानं बंडी मिळाली. आदल्या दिवशी जंगलखात्याच्या नाक्यावर दोन बंड्या रिकाम्या उभ्या होत्या, लालसूनं हात जोडले, तर नाकेदार म्हणाला, ह्या सरकारी कामाच्या आहेत.

जमादारानं सांगितलं, उजेड आहे तोवर आटपा, कंदिलात केलेलं पोस्टमार्टम चालत नाही, ठेकेदार ठाण्यात बसून आहे. डॉक्टरनं बुधरीकडे बोट दाखवलं. जमादारानं त्याला गेल्या सालची आठवण करून दिली. मुडदा एक दिवस थांबवला म्हणून वरून कागद आला होता. दुसरा आला तर नोकरी गेलीच समजा. डॉक्टरनं वर सारलेल्या बाह्या खाली ओढल्या. मग पडल्या आवाजात म्हणाला, "डोमा, खोली उघड. लवकर करू."

डोमा पायरीवर बसला होता. जमादारानं दिलेली बाटली समोर.

"मी नाई फाडत."

"चढली का बे?" जमादार हसला.

"हुंगलीबी नाई. बूच पाहा. बाई मोकळी होऊ द्या, मंग उद्या उजाडल्या उजाडल्या फाडतो."

जमादारानं त्याच्या आईवरून, जातीवरून जे काढायचं ते काढलं. तरी डोमा हलेना. तेव्हा जमादार डॉक्टरकडे वळला. नसेल हा करत, तर सुरी तुम्ही धरा.

डोमा उठला. "धरा साहेब. आन् तेच हात मंग त्या बाईच्या पोटात घाला. तुम्हीच सांगतलं न मले, मुडद्याले लागल्या हातानं जखमेची पट्टी धरू नोको, माणूस सडते म्हणून? मंग आता काऊन चुप हाव?"

हिवतापाची सगळी रांग डॉक्टरकडे पाहू लागली. तो हात धुवायला गेला. जाता जाता जमादाराला म्हणाला, फाडायला माणूस नाही तर पोस्टमार्टम नाही, तसं लिहून घ्या. एवढं म्हणायला झाडूवाल्याची आड लागावी, याचा राग त्याला स्वतःचाच आला असावा. दार त्यानं धाडकन आपटलं.

पोर मेलेलंच निघालं. नाक्यावर बंडी मिळाली असती तर बुधरी आदल्या रात्रीच पोचली असती. ती मात्र वाचली. आठव्या दिवशी भिंत धरून चालली. मुनीमाला डोमानं सांगितल्याप्रमाणे सकाळीच फाडलं. रिपोर्टात आलं, ओंडका पडून मृत्यू. ते बंडीच्या बैलांनाही ठाऊक होतं.

पंधरा दिवसांनी चांद्याहून खुलासा मागणारा कागद आला. डॉक्टरनं उत्तर लिहून ठेवलं: नोकर अचानक आजारी पडल्यामुळे विलंब झाला. खाली डोमाचा अंगठा हवा होता. वाचून दाखवल्यावर डोमानं हात मागे घेतला.

"मी बिमार नव्हतो."

"अरे, नोकरी वाचते तुझी. माझीही."

"बिमार होतो म्हणलं, तं उद्या दुसरी बाई आल्यावर जमादार म्हणल, याले दवाई पाजा आन् कामाले लावा. मी नाई म्हणलं होतं साहेब. नाईच लिवा."

डॉक्टरनं लिहिलेला कागद फाडला. मग त्यानं तसं लिहिलं, आणि बाई आधी घेण्याचा निर्णय आपलाही होता, असं खाली जोडलं.

महिन्याभरात डोमाला काढल्याचा हुकूम आला, आणि डॉक्टरच्या बदलीचा. पुढं सगळा पावसाळा त्या दवाखान्याला डॉक्टर नव्हता. त्याबद्दल कोणाकडूनही खुलासा मागवला गेला नाही.