धुराचा वास येणारा सर्व्हर

पावसाळ्यात आमच्या कारखान्यातला सर्व्हर सकाळी बंद पडायला लागला. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चार वेळा, आणि बहुतेक नऊ ते दहाच्या मध्ये. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात मी कॉम्प्युटरचं काम बघत होतो. फाटकावरची नोंद, प्रयोगशाळेचे रिपोर्ट, माल सोडायच्या चिठ्ठ्या, सगळं त्या एका मशीनवर. ते बंद पडलं की फाटकावर टँकर उभे राहायचे आणि मी छत्री घेऊन धावत निघालो की ड्रायव्हर हाका मारायचे, "काय इंजिनियर, आज परत उपास काय तुमच्या सर्व्हरचा?"

मी इंजिनियर नव्हतो. बी.एस्सी. झालो होतो, आणि आमच्या घरात तेवढं शिकलेला मी पहिलाच. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. वडील नाचणी आणि वरी करतात. नोकरी लागली तेव्हा त्यांनी फक्त विचारलं होतं, "कायमची काय?" कायमची नव्हती. सहा महिन्यांच्या बोलीवर होती, आणि ते सहा महिने संपत आले होते. साहेबांनी बोलावून सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत कारण सापडलं तर ठीक. नाहीतर हे काम पुण्याच्या कंपनीकडे देतो. मग तुझ्यासाठी इथे काही उरत नाही." वेळापत्रक वाचून दाखवावं तसं त्यांनी ते सांगितलं.

भीती वाटली, ते खरंच. पण त्याहून जास्त नवल वाटत होतं. हे मशीन सकाळी मरायचं, अर्ध्या तासाने चालू केलं की काही झालंच नाही असं संध्याकाळपर्यंत चालायचं. का?

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई म्हणायच्या, "अंदाज करायच्या आधी लिहून काढ." त्यांचे उपकार किती ते मला त्या महिन्यात कळलं. शंभर पानी वही केली. बंद पडायची वेळ, वीज, एसी, त्या वेळी कोण काय काम करत होतं, बाहेर पाऊस किती, सगळं लिहायला लागलो. पहिला संशय विजेवर, आमच्याकडे तो नेहमीच पहिला असतो. पण यूपीएस ठणठणीत होता. पुण्याचा माणूस फोनवर म्हणाला, "मदरबोर्ड गेलाय, बदला." गेलाय तर दुपारभर चालतो कसा, असं विचारलं तर म्हणाला, "बदलून तर बघा."

दोन आठवड्यांनी वही उलटून बघितली. पावसाचा रकाना मी उगाच आखला होता, आणि तोच बोलत होता. सकाळी सात-आठला धो धो पाऊस असला की सर्व्हर पडायचा. सकाळ उघडी गेली की नाही. मला वाटलं, छत गळतंय. शिडी लावून बघितलं, छत कोरडं. मग मशीनच्या आतली उष्णता दर मिनिटाला लिहून ठेवणारा छोटासा प्रोग्रॅम बनवला. पुढच्या पावसाळी सकाळी नऊपासून आकडा चढायला लागला. घाट चढावा तसा सावकाश, न थांबता, आणि वर पोचल्यावर मशीन बंद. बाहेर पाऊस, खोलीत एसी चालू, माझ्या स्क्रीनवर पंख्यांचे आकडेही ठीक, आणि मशीन तापतंय!

आणखी एक गोष्ट होती. बंद पडल्यावर सर्व्हरचं कपाट उघडलं की धुराचा बारीक वास यायचा. वायर जळली म्हणून मी एकेक वायर काढून नाकाला लावली. वॉचमन दारात उभा राहून हसला, "कुत्र्यासारखं काय हुंगतोस रे?" काहीच जळलेलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी घरी गेलो. भिजून पोचलो तसा आईने टॉवेल दिला. पावसात आमच्याकडचे कपडे चुलीच्या वर टांगलेल्या बांबूवर वाळतात. मी तोंड पुसलं आणि टॉवेल तसाच नाकावर धरून उभा राहिलो.

"काय रे, काय झालं?"

"आये, हा वास..."

"धुराचा हाय. महाडला ऱ्हायला लागलास तर आता वास यायला लागला काय?"

वास नेमका तोच होता. कपाटात काही जळत नव्हतं, कपाटाजवळ कोणाचं तरी कापड होतं.

माझी खुर्ची मुख्य ऑफिसात, आणि सर्व्हरची खोली लांब, फाटकाशेजारच्या स्टोअरला लागून. दुसऱ्या दिवशी पाऊस होताच. मी खुर्चीवर गेलोच नाही, पावणेनऊला स्टोअरमध्ये जाऊन थांबलो. झाडलोट करणाऱ्या मावशी आल्या. त्या नाते गावाच्या बाजूच्या एका वाडीतून शेताच्या बांधांवरून चालत रस्त्याला येतात, मग मिनीडोर रिक्षा पकडतात. छत्री असून नसल्यासारखीच. त्यांनी बाथरूममध्ये कोरडं लुगडं नेसलं, सर्व्हरची खोली पुसली, आणि मग ओलं नऊवारी लुगडं दुहेरी करून कपाटाच्या मागच्या जाळीच्या दारावर घातलं. कडा नीट खोचल्या. कपाटातली सगळी गरम हवा त्याच दारातून बाहेर पडते.

"मावशी, हे काय?"

"लुगडं. दिसत नाय?"

"रोज घालतेस इथे?"

"भिजते त्या दिवशी. मशीन थांबलं का ऊब बी थांबते, मग काढून नेते. तू धावत येतोस तवर माझी घडी झालेली असते."

म्हणून मला ते कधी दिसलं नव्हतं. मला हसूच आलं. हसतच विचारलं, "इथे घालायला सांगितलं कोणी तुला?"

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. "तूच की रे! आषाढात मी कुडकुडत हुती, तवा बोल्लास, मावशी, त्या कपाटामागं चुलीसारखी ऊब हाय, पदर सुकव. मी म्हटलं, शिकलेला हाय, जाणून बोलत असंल."

आठवलं. अगदी असंच म्हणालो होतो. "अगं, पदर म्हटलं होतं मी."

"पदर सुकवून काय करू? बाकीची मी वलीच ना!"

मी लुगडं काढायला लावलं आणि सर्व्हरच्या स्क्रीनवर आकडा बघत बसलो. तो हळूहळू उतरला. मग म्हटलं, "आता परत घाल."

"येडा झालास काय?"

पण घातलं त्यांनी. आकडा चढला. काढलं, उतरला. तिसऱ्यांदा तर मावशीच स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "उतरला गो बाय!" त्या महिन्यात इतकं बरं मला पहिल्यांदाच वाटलं.

ते बरं वाटणं अहवालाचा कागद समोर येईपर्यंत टिकलं. त्यात चार रकाने असतात. घटना, कारण, उपाय आणि जबाबदार व्यक्ती. चौथ्यात मावशींचं नाव लिहिलं असतं तर झाडलोटीच्या ठेकेदाराने संध्याकाळपर्यंत दुसरी बाई आणली असती. माझं लिहायचं तर बोली संपायला दहा दिवस उरले होते. खोटं कशाला सांगू, आधी मी तो रकाना कोराच ठेवून कागद घडी केला होता. चहावर साय धरली. मग घडी उघडून माझं नाव लिहिलं.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "लुगडं कोणाचं?"

"साहेब, तिथे घालायला मी सांगितलं होतं."

"मी ते विचारलं नाही."

"हो साहेब."

त्यांनी कागद फायलीत लावला. मग म्हणाले, "पुण्याच्या माणसाला हे सात जन्मात सापडलं नसतं." मी जरा सुटल्यासारखा झालो, तोच पुढचं वाक्य आलं, "आणि पुण्याच्या माणसाने हे कोणाला करायलाही सांगितलं नसतं. जा."

उपायाच्या रकान्यात मी बॉयलरच्या मागे कपडे वाळवायला दोरी बांधावी असं लिहिलं होतं. ती दोन दिवसांत बांधली गेली. आठवड्याभरात तिच्यावर मोजे, रेनकोट, शर्ट, वॉचमनची टोपी, जागा पुरेना. सगळेच भिजून येत होते आणि दिवसभर ओलेच काम करत होते, हे मी वहीत कुठेच लिहिलं नव्हतं. सर्व्हर मात्र पुन्हा पडला नाही.

महिनाअखेरीला पत्र मिळालं. कायम केलं नव्हतं. बोली तीन महिने वाढवली होती. ते घेऊन घरी गेलो. वडील जेवायला बसत होते. मी पत्र वाचून दाखवलं, इंग्रजी होतं म्हणून मराठीत सांगितलं, सर्व्हरचं, लुगड्याचं, रकान्याचं सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे काढलं का ठेवलं?"

"ठेवलं."

"मग जेव," ते म्हणाले, आणि भाकरी माझ्याकडे सरकवली.