बाकावरचे गणिताचे सर

कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आमच्या गटात गणिताचा विद्यार्थी मी एकटाच. पेशींबद्दलचं बोलणं मला कळत नसे आणि माझी समीकरणं इतरांना. शेवटी आमच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "एक सकाळ रुग्णालयात जाऊन बस."

तिथे बाकावर माझ्या शेजारी जबड्याला पट्टी बांधलेले एक वयस्क गृहस्थ होते.

"डॉक्टर का?" त्यांनी कष्टाने विचारलं.

"नाही, गणित शिकतो. गाठ कशी वाढते ते समीकरणात मांडायचा प्रयत्न करतोय."

त्यांचे डोळे एकदम हसले. "मी शाळेत गणितच शिकवायचो. मग, उत्तर आलं?"

"अजून नाही, सर." मला त्यांच्या पट्टीकडे बघवेना. कागदावरच्या गाठीला कधी चेहरा नव्हता.

"अरे, मांडणीलाही मार्क असतात," ते म्हणाले.

तेवढ्यात त्यांना आतून हाक आली. माझ्या खांद्याचा आधार घेत ते उठले आणि हळूहळू आत गेले. दार लागलं. मी तिथेच बसून राहिलो. पेपर मी सोडवत होतो, आणि निकाल त्यांचा लागणार होता.