दाजींचे कोरडे बोअर

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका काळजी करणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात नसेल. दाजी आखाडा बाळापूरच्या एका बोअरच्या गाडीवर ड्रिलर होते. म्हणजे रोज कुणाच्या ना कुणाच्या शेतात जमिनीला भोक पाडायचं, हा त्यांचा धंदा. आणि त्या भोकातून काय निघेल याचीच त्यांना धास्ती. सकाळच्या रेडिओवरच्या बातम्या संपल्याशिवाय ते मशीन सुरू करत नसत. शेतकरी घाईवर आला, की म्हणायचे, "थांबा जरा. जगात काय होऊन राहिलं ते तर कळू द्या."

नव्वदीच्या सुरुवातीला आखातातल्या तेलविहिरी पेटल्याची बातमी आली आणि दाजींची झोप उडाली. आपल्याकडंही तेल लागलं तर? दगडाची भुकटी वर आली, की ते मूठभर घेऊन हुंगायचे. औंढ्याजवळच्या एका शेतात काळ्या चिखलावर खरंच तेलाचा तवंग दिसला. दाजींनी मशीन बंद केलं, सगळ्यांच्या विड्या विझवायला लावल्या, चहाची चूलही विझवली आणि शेतकऱ्याला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितलं, "सरकार जमीन घेईल. सोयऱ्याधायऱ्यांकडं जागा पाहून ठेवा." त्या माणसाची बायको भांडी गोळा करायला लागली, तेव्हा कुठं बोअरच्या गाडीच्याच कॉम्प्रेसरचा तेलाचा पाइप गळत असल्याचं कळलं. पुढं तीस हातांवर पाणीही लागलं. हसून हसून लोकांची पोटं दुखली. दाजी मात्र म्हणाले, "हसा. पण आधीच इचार करून ठेवलेला बरा असतोय."

त्यांच्या अशा काळज्यांची मीही पुष्कळ टिंगल केली. पण दोन हजारनंतरच्या एका उन्हाळ्यात टीव्हीवर, कुठंतरी दूर उत्तरेत, एक लेकरू उघड्या बोअरमध्ये पडल्याची बातमी लागली. दाजींनी ताट तसंच सरकवलं. सकाळी ते माझ्या दारात उभे. "गाडी काढ. माझे फेल गेलेले बोअर बघायचेत."

"सगळे?"

"आठवतेत तेवढे."

आम्ही आठ दिवस फिरलो. बहुतेकांवर दगड होते, काटे होते. जवळा बाजारच्या पुढं एका तांड्यावर मात्र भोक उघडंच सापडलं. वरची फरशी एका म्हातारीनं कपडे धुवायला नेली होती. ती म्हणाली, "भाऊ, चार वर्सं झाली. कुनी पडलं न्हाई."

"आजवर न्हाई पडलं, मावशी," दाजी म्हणाले आणि त्या भोकाशेजारी उन्हातच मांडी घालून बसले. मी बाजारातून वेल्डर आणि लोखंडी पत्रा घेऊन येईस्तोवर ते तिथून हलले नाहीत. एक हात भोकाच्या तोंडावर तसाच. मला म्हणाले, "पाणी लागलं न्हाई तवा हे लोक गुमान बसले होते. मला त्यांच्याकडं बघवंना. मी रॉड काढले अन् निघून गेलो. झाकायचं कोनी, ते इचारलंबी न्हाई." मी पहिल्यांदाच हसलो नाही.

एक भोक मात्र सापडलं नाही. कळमनुरीच्या रस्त्याला लागून ते शेत. मालक शपथ घेऊन सांगत होता, की केव्हाच बुजवलं. दाजींना ते पटेना. पुढं एसटी तिथून गेली, की ते सीटवरून उठून खिडकीतून पाहायचे. नंतर डोळ्यांना नीट दिसेनासं झालं. मग मी सोबत असलो, की ते माझा हात धरायचे.

"काही दिसून राहिलं का रे तिथं?"

"न्हाई, दाजी. सोयाबीन आहे. दाट."

"लेकरं न्हाईत ना जवळपास?"

"न्हाईत."

मग ते खाली बसायचे. आता मी एकटाच त्या रस्त्यानं जातो. ते शेत आलं, की बसमध्ये उभा राहतो.