सोवळ्यातलं मशीन

आई गेल्यावर बाबांनी इंदूर सोडून पुण्याला माझ्याकडे यावं, यावरून आमची वर्षभर वादावादी चालली होती. अन्नपूर्णा भागातल्या त्या घरात एकटा म्हातारा माणूस काय करणार, हा माझा मुद्दा. "काय नाही करणार?" हा त्यांचा. आणि पुरावा म्हणून ते दर वेळी कपडे धुण्याच्या मशीनकडे बोट दाखवायचे. आई असेपर्यंत त्यांनी स्वतःचा रुमालसुद्धा धुतला नव्हता. मला त्या मशीनचा मनस्वी राग यायचा.

सुरुवातीला नुसती फजिती होती. काळ्या पँटवर पावडरचे पांढरे ओघळ, टॉवेल पापडासारखे कडक. मला वाटलं, आता येतील वठणीवर. पण जन्मभर कचेरीत दुसऱ्यांच्या फायलींतल्या चुका काढलेला माणूस तो, हार कसला मानतो! बोअरिंगच्या जड पाण्यात पावडर नीट विरघळत नाही, हे त्यांनी शोधून काढलं. मग नळाला नर्मदेचं पाणी येईल त्याच दिवशी कपडे धुवायचे, आणि पावडर बेतानं घेऊन आधी मगभर पाण्यात विरघळवायची. खिशात विसरलेल्या कागदाचा सगळ्या कपड्यांवर भुगा झाला, तेव्हापासून खिसे तपासल्याशिवाय एक कपडा आत जात नसे. कुबट वास येऊ लागला, तेव्हा दाराच्या रबरात साचलेलं पाणी पुसून दार उघडं ठेवू लागले. नव्या कपड्याच्या आतल्या शिवणीवर ओला पांढरा रुमाल दाबून रंग जातो का, ते बघायचे. आणि हे सगळं मला फोनवर ऐकवायचे. "तू ना, मशीन ठासून भरतेस. कपड्यांवरून आत हात फिरला पाहिजे. समझी क्या?" मी चिडायचे, आणि फोन ठेवल्यावर गुपचूप तेच करायचे.

वर्ष सरलं आणि घरात पुन्हा महालक्ष्म्या बसायच्या ठरल्या. गणपतीतल्या गौरींना आम्ही महालक्ष्म्याच म्हणतो. त्यातल्या थोरलीला दर वर्षी आईची माहेश्वरी साडी नेसवायची, लाल, हिरव्या काठांची. सणाआधी आई ती थंड पाण्यातून हलक्या हातानं काढायची, गच्चीत सावलीला वाळत घालायची, आणि मग त्या साडीला कुणी शिवायचं नाही. यंदा हे काम बाबांनी स्वतःकडे घेतलं होतं. मी पोचले तेव्हा ते मशीनसमोर स्टुलावर बसले होते, आणि साडी आत फिरत होती. हातानं धुवायला बोटांत जोर उरला नव्हता.

"नाजूक कपड्यांचा प्रोग्राम असतो ना. थंड पाणी, पिळणं बंद. टेन्शन नको घेऊ," ते म्हणाले. "आणि सोवळ्याचंही बघितलंय हं मी. यात माझे चड्डी-बनियन धुतले जातात, देवीची साडी तशीच कशी टाकणार? म्हणून आधी रिकामं मशीन कडक गरम पाण्यावर चालवलं. चमचाभर गंगाजल पण घातलं. मशीनलाच अंघोळ!"

आई गेल्यापासून त्या घरात मी पहिल्यांदा मोकळी हसले. हसता हसता दाराच्या काचेला हात टेकला. काच चटका बसेल इतकी गरम होती.

ते मशीन मागचाच प्रोग्राम धरून ठेवतं. अंघोळ घातल्यावर बाबांनी साडी आत ठेवली आणि प्रोग्राम बदलायचा राहून गेला. बाहेर निघाला तो आखडलेला, चुरगळलेला बोळा होता. काठाचा हिरवा रंग लालात उतरून सगळी साडी मातकट झाली होती, काठांतली जर काळवंडली होती. मी ती वाळू न देता लगेच थंड पाण्यात टाकली. बादल्या बदलत राहिले. प्रत्येक बादलीत रंग उतरत होता, पण डाग तसेच राहत होते.

"काहीतरी उपाय असेल ना गं?" बाबा विचारत होते. "प्रत्येक गोष्टीला असतोच."

ते इतक्या भरवशानं विचारत होते की मला नाही म्हणवेना. मी नुसती रडत पाणी बदलत राहिले. शेवटी त्यांनीच ती साडी बादलीतून काढली, ओलीच मांडीवर घेतली आणि हमसून रडले. आई गेली तेव्हा आलेल्या-गेलेल्यांना चहा विचारत फिरणारा हा माणूस. "तिची एवढी एक साडी सांभाळायची होती मला," एवढंच म्हणत होते.

थोरलीला आम्ही बड्या गणपतीच्या देवळाजवळच्या दुकानातून आणलेली नवी साडी नेसवली. आरतीला बाबा सगळ्यांच्या मागे उभे राहिले. नैवेद्याचं ताट पुढे आलं, पुरणपोळीचा घास मोडला, आणि ते म्हणाले, "तुझ्यासोबत माझंही तिकीट काढून टाक."

वर्षभर मला हेच ऐकायचं होतं. आणि ऐकल्यावर मी त्यांच्याच बाजूनं भांडायला लागले. बाबा, एका साडीवरून असं करू नका. मशीनचं सगळं तुम्हीच तर शिकवलंत मला. जड पाणी, खिसे, रबर, मी एकेक आठवून सांगत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नाही बेटा, तू बरोबर होतीस. मुझसे नहीं होगा अब." मग त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे कपडे कोण धुतं?"

"तुम्ही धुवा," मी म्हणाले.

त्यांनी ताटाकडे बघत नकारार्थी मान हलवली.