अलगदची खूण

फाउंड्रीत क्रेनखाली दाजी उभे राहायचे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्याच शेडमध्ये स्टोअरच्या खिडकीमागे कारकून होतो. माझी हाक सगळ्यांनी उचलली आणि ते साऱ्या कारखान्याचे दाजी झाले. "एवढे मेहुणे दुसऱ्या कुणाला मिळालेत का?" असं ते म्हणायचे.

भट्ट्यांच्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही धड ऐकू यायचं नाही. वर छतालगत, क्रेनच्या केबिनमध्ये ड्रायव्हर बसायचा. पिंजऱ्यात बसतो म्हणून त्याला पोपट म्हणत, पण तो महिन्यातून चार शब्द बोलला तर बोलला. त्यानं फक्त दाजींच्या हातांकडे बघायचं, असा नियम. साहेब ओरडले तरी दुर्लक्ष. 'थांब' ही एवढी एकच खूण कुणीही करावी. बाकी भाषा दाजींची. बोट वर करून फिरवलं की उचल, खाली करून फिरवलं की उतरव. चिमटीची उघडझाप केली की मुंगी, म्हणजे मुंगीच्या पावलानं सरक. आणि एक तळवा आडवा धरून त्याच्याखाली दुसऱ्या हाताचं बोट फिरवलं की अलगद. वाळूच्या साच्यावर वरचा भाग बसवताना अलगद लागायचं. जरा धक्का बसला की वाळू ढासळायची आणि सगळ्यांची मेहनत मातीत.

ही भाषा घरीही गेली होती. दाजी माळ्यावरून ट्रंक उतरवत असले की ताई खालून खुणा करायची. "कामावर तुम्ही काय ते. घरात पोपट तुम्हीच," म्हणायची. संध्याकाळी दाजी रस्त्यात कुणाशी बोलत उभे राहिले, की ती खिडकीतून चिमटीची उघडझाप करून दाखवायची. चाललंय मुंगीच्या पावलानं, असा टोमणा.

ताईच्या आजारात शेवटी तिच्या घशात नळी घातली. बोलणं बंद झालं, पण त्या दोघांचं काही अडलं नाही. नर्सनं मला हळूच विचारलं, "हे आधीपासून मुके आहेत का हो?" एका दुपारी ताईनं तळवा आडवा धरला आणि त्याच्याखाली बोट फिरवलं. दाजींनी कॉटच्या पायाशी असलेली दांडी फिरवत तिच्या डोक्याकडची बाजू अलगद खाली घेतली. कॉट सपाट झाली. तिनं डोळे मिटले, ते पुन्हा उघडले नाहीत. मी पलीकडच्या बाजूला उभा होतो.

दाजी रडले नाहीत. पुन्हा कामावर यायला लागले. दाढी केलेली असायची. डब्याचं झाकण उघडायचे, बघायचे, परत लावायचे. कुणी काही बोललं तर मान हलवायचे. उचल, उतरव, मुंगी, सगळं बिनचूक चाललं होतं. मग एक मोठा साचा आला. त्यावर वरचा भाग उतरवताना दाजींनी अलगदची खूण केलीच नाही. नुसतं उतरव केलं. भाग आदळला आणि साचा ढासळला.

फोरमन मोठ्यानं बोलला नाही, हे जास्त वाईट. "दाजी, उद्या दुसरा साचा तयार होतोय. नसेल जमत तर गेटवर बसा. येणाऱ्याजाणाऱ्याशी चार शब्द बोलाल, मन रमेल."

"गेट नको," दाजी म्हणाले.

जाताना माझ्या खिडकीपाशी थांबले. "तिथं बोलावं लागतं रे," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वरचा भाग नव्या साच्यावर येऊन लोंबत राहिला. दाजींचा तळवा आडवा झाला. दुसरा हात मात्र मांडीजवळच राहिला. चेहऱ्यावर काही नव्हतं. सगळे हातातलं काम टाकून बघत होते.

"पोपट, उतरव!" फोरमन ओरडला.

पोपट हलला नाही. त्याचे डोळे दाजींच्या हातावर.

"अरे, वर झोपलास की काय?"

मग दाजींनी तो तळवा खाली घेतला. एका बोटानं उतरव केलं आणि लगेच मूठ मिटली, म्हणजे थांब. उतरव, थांब. उतरव, थांब. पहिल्या वेळी पोपट गोंधळला, साखळी जरा हेलकावली. मग त्याच्या लक्षात आलं. घास घास घ्यावा तसा तो भाग खाली आला आणि बसला. वाळूचा कण ढळला नाही.

"ही कसली नवी तऱ्हा?" फोरमन म्हणाला. त्यानं साचा चारी बाजूंनी बघितला आणि निघून गेला.

दुपारी पोपट शिडीवरून खाली आला. एरवी तो वरच जेवायचा. दाजींच्या शेजारी डबा उघडून बसला. जेवण संपत आल्यावर म्हणाला, "मला चालेल."

दाजी रिटायर होईपर्यंत क्रेनखालीच राहिले. अलगदची खूण त्यांनी पुन्हा केली नाही.

मागच्या महिन्यात एका जुन्या सहकाऱ्याच्या निरोपसमारंभाला गेलो होतो. शेडमध्ये डोकावलो. क्रेनखाली नवा माणूस, वर नवा ड्रायव्हर. साचा बसवायचा होता. त्या माणसाचं बोट खाली फिरलं, मूठ मिटली. पुन्हा बोट, पुन्हा मूठ. भाग बसल्यावर मला विचारावंसं वाटलं, आणि कसं कोण जाणे, विचारलंही.

"ह्याला दाजीउतार म्हणतात, काका," तो म्हणाला. "इथं असंच करतात."

"का?"

"का म्हणजे? पहिल्यापासून असंच."

संध्याकाळी दाजींकडे जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. टेबलावरचा चष्मा उचलला, परत ठेवला.

"साचा ढासळला नाही ना?"

"नाही."

"मग झालं," म्हणाले, आणि चहा ठेवायला उठले.